डावीकडचे नऊ बोल्ट

बुधवार, ६. सकाळी ७.१०

दुरुस्ती. काल इथे लिहिलं होतं की मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला त्रेचाळीस दात आहेत. चव्वेचाळीस आहेत. ज्या दातावर पेन्सिलीने खूण करून मोजायला सुरुवात केली, नेमका तोच मोजायचा राहिला. तीनदा मोजलं, तीनदा तोच राहिला. मोजण्यात सातत्य होतं, एवढं माझ्या बाजूने नोंदवते.

आणखी एक. काल ‘काम सुरू केलं’ असंही लिहिलं होतं. इंजिनाचं खोकं उघडलं होतं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची, हा बाबांचा नियम. पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. जेवणाच्या टेबलावर बाबा भाषा शिकवायचे आणि आत्या गणित. दादाही त्याच टेबलावर शिकला, पण त्याच्या अंगी काही लागलं नाही.

परिस्थिती: सोमवारी, १८ तारखेला सकाळी साडेनऊला कामावर रुजू व्हायचं आहे. पाण्याचे मीटर वाचायचं काम. माझा भाग टेकडीवरचा, घरापासून नऊ किलोमीटर, सगळा चढ. रुजू होताना वाहन दाखवायचं आहे, कारण अर्जात ‘इंजिनावर चालणारं वाहन आहे का’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिलं.

ते खोटं नव्हतं. सायकल होती. सायकलला लावायचं इंजिन दादाच्या मित्राने न वापरता दिलेलं, तेही खोक्यात होतं. दोघांची फक्त सोयरीक जुळायची होती. ती जुळली की ‘होय’ पूर्ण खरं होईल. सध्या ते आगाऊ खरं आहे.

बारा दिवस आहेत. स्प्रॉकेट म्हणजे इंजिनाची साखळी ज्यावर फिरते ती दातेरी चकती. ती मागच्या चाकाच्या तारांवर नऊ बोल्टांनी बसवायची. दिवसाला एक बोल्ट धरला तरी तीन दिवस उरतात.

बुधवार, ६. संध्याकाळी

आज बोल्ट झाला नाही. वाचन झालं.

आमच्या घरात कुठलंही काम करण्याआधी त्याची माहितीपत्रिका मोठ्याने वाचतात. मग तिची शुद्धप्रत काढायची. मग त्या प्रतीवरून काम. मिक्सर असाच सुरू झाला होता, आणल्यानंतर नवव्या दिवशी.

पत्रिका एकच पान आहे, फार वाईट छापलेली. बाबा चाळीस वर्षं नकाशे तपासायच्या नोकरीत होते. त्यांनी चष्मा बदलला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्याच चित्राला हात घातला. म्हणाले, हे चित्र उलटं छापलंय. साखळी डावीकडे दाखवलीय. जगातल्या कुठल्याही सायकलची साखळी उजवीकडे असते. मी बाहेर जाऊन आपली सायकल पाहिली. उजवीकडेच आहे.

बाबांनी जिथे जिथे ‘डावी’ होतं तिथे तिथे ‘उजवी’ केलं. अकरा ठिकाणी. म्हणाले, असल्या लोकांच्या भरवशावर माणसं गाड्या चालवतात.

आत्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. तिने विचारलं की अकरा वेळा एकच चूक करणारा माणूस चुकतोय कशावरून. बाबा म्हणाले, चूक करणारा नेहमी ठामपणेच करतो. हे मला फार पटलं. वेगळ्या पानावर लिहून ठेवलं.

गुरुवार, ७

शुद्धप्रत. चार पानं. अक्षर चांगलं आलं. मूळ पत्रिका बाबांनी ‘सदोष कागदपत्रे’ या फाइलीत ठेवली.

शुक्रवार, ८. दुपारी १२

प्रत्यक्ष काम सुरू. खऱ्या अर्थाने.

चाक काढलं. एक अडचण. उजवीकडे पायडलच्या साखळीची दातेरी चकती, म्हणजे फ्रीव्हील, आधीच बसलेली आहे. तिच्यावरून स्प्रॉकेट आत जात नाही. शुद्धप्रतीत फ्रीव्हीलचा उल्लेख नाही. बाबा म्हणाले, बघ, अडचण आहे ते लिहायचंच विसरलेत. तीच काढावी लागणार, उघड आहे.

फ्रीव्हील काढायला वेगळं हत्यार लागतं. ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे आहे.

इथे नियम नीट लिहून ठेवते, नंतर मनात घोळ नको. हत्यार मागणं म्हणजे कंपासपेटी मागणं, त्याला परवानगी आहे. उत्तर विचारणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाटीत बघणं. त्याला घरच्या शाळेत कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा होती. शेजारी फक्त दादा असायचा आणि त्याची पाटी बघण्यासारखी कधीच नसायची, हा भाग वेगळा.

शुक्रवार, ८. दुपारी ४

सायकलवाल्याकडे जाऊन आले. तो चाकाच्या तारा आवळत होता. हत्यार मागितलं. त्याने विचारलं, काय करताय ताई? मी म्हटलं, घरगुती काम आहे. तो म्हणाला, हे हत्यार घरगुती कामाला कुणी मागत नाही. मग म्हणाला, इंजिन बसवताय ना, तुमचा दादा मागच्या सुट्टीत सांगत होता. चाक इकडे आणा, वीस मिनिटांत लावून देतो, चहा होईपर्यंत.

मी नम्रपणे नको म्हटलं. रकान्यात ‘होय’ मी लिहिलंय, सायकलवाल्याने नाही.

हत्यार देता देता तो म्हणाला, पण ताई, फ्रीव्हील काढलीत तर पायडल मारून चाक फिरणार कसं. मी त्याला लगेच थांबवलं. म्हटलं, कृपा करून काही सांगू नका. तो म्हणाला, मी सांगत नाही, विचारतोय. मी म्हटलं, प्रश्नसुद्धा नको, प्रश्नात उत्तर असतं. त्याने हत्यार माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाला, बरं, तुमचं घरगुती काम होऊ द्या.

परत येताना त्याचं वाक्य डोक्यात येत होतं. ते येऊ नये म्हणून सतराचा पाढा म्हणत आले.

शनिवार, ९

फ्रीव्हील निघाली. पाच तास आणि डाव्या अंगठ्याचं नख.

दादा सुट्टीला आला. त्याने हॉलमध्ये पेपरावर मांडलेले सगळे भाग पाहिले आणि आपण कुणाचं पोस्टमॉर्टेम करतोय असं विचारलं. दुर्लक्ष केलं.

रविवार, १०. संध्याकाळी ६

नऊही बोल्ट बसले. नऊच्या नऊ, एका दिवसात. वेळापत्रकाच्या चार दिवस पुढे. आधी रबराची चकती, मग तारा, मग दुसरी रबराची चकती, त्यावर स्प्रॉकेट. अगदी शुद्धप्रतीप्रमाणे, उजवीकडे. चाक फ्रेममध्ये लावलं. फार सुंदर दिसतं.

बाबांनी चष्म्यातून आणि चष्म्यावरून, असं दोनदा पाहिलं आणि मान हलवली. ते ‘छान’ म्हणत नाहीत. मान हलवतात.

दादाने मधल्या वेळात इंजिन फ्रेममध्ये बसवून टाकलं. वाचन नाही, शुद्धप्रत नाही, तोंडात शिट्टी. बसलं. अशा लोकांना नशीब साथ देतं आणि त्यांचं त्यातच नुकसान होतं.

उद्या साखळी. मंगळवारी चाचणी. उरलेले पाच दिवस टेकडीवरच्या गल्ल्यांची नावं पाठ करणार.

रविवार, १०. संध्याकाळी ७.३०

आत्या मघापासून सायकलपुढे स्टूल टाकून बसली होती. काही बोलत नव्हती. आत्या बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. गणिताचा पेपर तपासताना ती अशीच बसायची.

शेवटी तिने मला बोलावून इंजिनाकडे बोट केलं. म्हणाली, इंजिनाचं हे छोटं दातेरी चाक कुठल्या बाजूला आहे?

डाव्या.

आणि तुझं मोठं?

उजव्या.

मग साखळी काय सीटवरून पलीकडे नेणार आहेस, म्हणाली.

मी बोट लावून दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या.

बाबा आले. त्यांनी चष्मा बदलून पाहिलं. मग म्हणाले, इंजिन उलटं बसवलं असणार, दादाने बसवलंय. फिरवून लावलं की छोटं चाक उजवीकडे येईल. दादा म्हणाला, येईल की, आणि गाडी मागे जाईल. ही कामावर उलटी पोचेल, पण पोचेल. मीटर वाचायला आलेली बाई पाठमोरी येतेय, लोक दार उघडतील तरी.

बाबा आत गेले आणि फाइल घेऊन आले. मूळ पत्रिकेत अकरा ठिकाणी ‘डावी’ होतं. चित्र बरोबर होतं. पायडलची साखळी उजवीकडे, इंजिनाची डावीकडे. दोन साखळ्या. जगातल्या कुठल्याही सायकलला एकच साखळी असते, पण ही जगातली कुठलीही सायकल नव्हती.

बाबांनी लाल पेन्सिलीने अकरा ‘उजव्या’ पुन्हा ‘डाव्या’ केल्या. पेन्सिलीचं टोक दोनदा तुटलं. मग जेवले नाहीत.

नोंद: सायकलवाल्याच्या त्या प्रश्नाचा अर्थ आता कळला. तेव्हा कळला नाही याबद्दल माझं मन स्वच्छ आहे.

सोमवार, ११

नवी शुद्धप्रत.

मंगळवार, १२

नऊ बोल्ट काढले. फ्रीव्हील परत बसवली. ती फक्त वीस मिनिटांत बसली. काढायला पाच तास लागलेली वस्तू वीस मिनिटांत बसते, याचं थोडं वाईटच वाटलं.

बाबा आजही लाल पेन्सिल हातात घेत नाहीत. त्यांना म्हटलं की चूक माझी, मी सायकल नीट बघायला हवी होती. ते म्हणाले, तू बघितलीस, मी सांगितलं ते बघितलंस. एक आठवडा हातात आहे. सहा दिवस, नेमकं सांगायचं तर.

बुधवार, १३

नवं धोरण. आज आत्याचं शास्त्र वापरणार. पहिल्या वेळी बोल्ट अंदाजाने आवळले होते. अंदाज हा आळशी माणसाचा हिशोब, असं आत्या म्हणायची. डावीकडच्या नऊ बोल्टांना प्रत्येकी बरोबर बारा फेरे देणार. सगळ्यांना समान न्याय.

नवी शुद्धप्रत म्हणते की समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा आणि चाक फिरवून बघत राहा. ‘थोडे थोडे’ म्हणजे किती, ते दिलेलं नाही. बारा हे मी ठरवलं.

बुधवार, १३. दुपारी

झालं. नऊ गुणिले बारा, एकशे आठ फेरे. मन शांत आहे.

बुधवार, १३. दुपारी, थोड्या वेळाने

चाक फिरवलं. स्प्रॉकेट सरळ फिरत नाही. गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखं इकडून तिकडे डुलतं. फ्रेमला पेन्सिल बांधून मोजलं. सहा मिलिमीटर. दोन चालतात.

आत्याला विचारलं (घरातलं माणूस, परवानगी आहे). तिने बोल्ट पाहिले. म्हणाली, सगळे एकाच उंचीवरून सुरू झाले होते का? नाही, काही आधीच अर्धे आत होते. मग बारा फेरे दिलेस कशाला? मी म्हटलं, समान. ती म्हणाली, अगं, एकजण पहिल्या मजल्यावर उभा, एक तिसऱ्या. दोघांना बारा बारा पायऱ्या चढायला लावल्यास आणि आता म्हणतेस गच्चीवर का भेटत नाहीत.

मग स्वतःच म्हणाली, हे मीच शिकवलंय ना तुला. मी पाना खाली ठेवला. ती म्हणाली, बोल्टांना गणित लागत नाही बाई, हात लागतो. ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती, असं मला वाटलं, पण म्हटलं नाही.

गुरुवार, १४

सैल केले. पुन्हा आवळले. पाच मिलिमीटर.

शुक्रवार, १५

सैल केले. पुन्हा आवळले. ‘टण’ असा आवाज आला. एक तार तुटली. छत्तीस तारा आहेत, पस्तीस उरल्या. चाक बहुमताने चालतं असं गृहीत धरते.

शनिवार, १६

चार मिलिमीटर. प्रगती आहे.

दादा आला. म्हणाला, सायकलवाल्याकडे चल, मी चाक उचलतो, तू नुसती सोबत ये, बोलूही नकोस. मी म्हटलं, सोमवारी ऑफिसातल्या बाईंपुढे उभी राहून हे माझं वाहन म्हणताना मला खोटं वाटेल. तो म्हणाला, आणि सोमवारी वाहनच नसेल तर काय वाटेल? प्रश्न इथे लिहून ठेवते. पण दादाचं बोलणं आणि शहाणपण यांचा संबंध नसतो, म्हणून फार विचार केला नाही.

रविवार, १७. सकाळी १०

आज चाचणी. चार मिलिमीटर दोनच्या जवळ आहेत.

सायकल मला येते, हे इथे एकदा लिहून ठेवते. सरळ उत्तम येते. वळताना उतरते.

रविवार, १७. दुपारी १

चाचणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

स्टँडवर इंजिन अकरा सेकंद चाललं. फार मोठा आवाज. बाबा खिडकीतून बघत होते, आत्या दारात. अकरा सेकंद आमच्या घरातला प्रत्येकजण बरोबर होता.

मग रस्त्यावर. दादाने मागून ढकललं, मी क्लच सोडला, गाडीने धरलं. मी खरंच गेले. चालत्या माणसाच्या पुढे गेले. एक माणूस बाजूला झाला. मला वाटलं, हेच ते, टेकडी.

मग साखळी दातांवरून उडाली, तारांत घुसली आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबले नाही. गुडघा आणि कोपर. विशेष काही नाही.

अंतर: एकतीस पावलं. दादाने मोजलं. याआधी त्याने कधी काही मोजलेलं मला आठवत नाही.

आणखी पाच तारा गेल्या. स्प्रॉकेटचा एक दात वाकला. बाबा बाहेर आले, खाली वाकून एक एक तुटकी तार उचलत राहिले. म्हणाले, लागलं का. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, दुरुस्ती लिही. मी म्हटलं, लागलं.

सोमवार, १८. संध्याकाळी ५

रुजू झाले नाही.

बसने गेले. हातात काहीच नसावं हे बरं दिसेना म्हणून स्प्रॉकेट पिशवीत घेतलं, आणि दोन्ही शुद्धप्रती. सव्वानऊला पोचले. तिथल्या मोठ्या बाई चष्मा कपाळावर ठेवून रजिस्टर तपासत होत्या. म्हणाल्या, वाहन कुठे लावलंय? मी स्प्रॉकेट त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हा त्याचा भाग. त्यांनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या, बाकीचं? मी म्हटलं, घरी. त्या म्हणाल्या, घरी चालतं का? मी म्हटलं, अकरा सेकंद.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मी सगळं खरं सांगितलं, डावी-उजवीसकट. ‘होय’ आगाऊ होतं तेही. त्यांनी माझा अर्ज काढला आणि बराच वेळ वाचला. मग म्हणाल्या, तुमचा पत्ता खालच्या वस्तीतला ना? खालच्या वस्तीचा भाग पायी करायचा असतो, जिने असतात, तिथे वाहन नेता येत नाही. तो भाग मी तुम्हालाच देणार होते. पण तुम्ही ‘होय’ लिहिलंत, म्हणून टेकडी दिली. पायीचा भाग ज्या बाईने ‘नाही’ लिहिलं तिला गेला. आज सकाळी ती रुजू झाली.

खालची वस्ती म्हणजे आमच्या दारापासूनचे मीटर. आमचासुद्धा.

मी विचारलं, मी खरं ‘नाही’ लिहिलं असतं तर? त्या म्हणाल्या, तर आता तुम्ही तुमच्याच घराचं मीटर वाचत असता. मग स्प्रॉकेट माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, टेकडी मला रिकामी ठेवता येणार नाही. गुरुवारी, २१ ला, साडेनऊपर्यंत वाहन दारात दिसलं तर या. तुकडे नकोत. नाही जमलं तर येऊ नका, मी दुसऱ्या कुणाला बोलावेन. रजिस्टरवर ग्रीसचा डाग पडला होता. तो त्यांनी माझ्यादेखत पुसला नाही.

सोमवार, १८. संध्याकाळी ७

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, अर्जातच पर्याय कमी होते, ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये जागा हवी होती. आत्याला काय वाटलं कुणास ठाऊक, ती एकदम म्हणाली, ही सायकल तुझ्या बापाने दुकानातून आणली होती, घडवली नव्हती. तेव्हा त्याला कॉपी नाही वाटली ती. बाबा म्हणाले, ताई, ते वेगळं. आत्या म्हणाली, वेगळं काय ते मुलीला समजावून सांग, मीही ऐकते.

बाबांनी समजावलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, तो सायकलवाला काय म्हणाला होता, किती वेळ? मी म्हटलं, वीस मिनिटं. ते म्हणाले, विचार त्याला.

मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

तर ठरलं. चाक सायकलवाल्याकडे न्यायचं आणि त्याला स्पष्ट म्हणायचं: काका, मला येत नाही, तुम्ही बसवा. हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. ‘मला येत नाही’ इथे आवाज खाली जातो, त्यावर काम करायला हवं. म्हणून उद्या नाही. उद्या वाक्याची शुद्धप्रत, शिवाय त्याच्या हत्याराला तेल लावून ते परत न्यायला तयार करायचं. काम त्याचं वीस मिनिटांचं. सहा तारा तुटल्या आहेत, पण तो सराईत आहे, वीस मिनिटंच धरते. नऊला गेले तर नऊ वीसला काम संपेल, आणि गुरुवारच्या साडेनऊपर्यंत चोवीस तास दहा मिनिटं शिल्लक राहतील. एवढ्या वेळात वळायला शिकता येईल.

तर जायची वेळ: बुधवार, २० तारीख. सकाळी नऊ.